दोघांनाही माहीत असलेली किंमत



जून २०१९ मध्ये पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहात एक रिव्हॉल्वर विकले गेले. लेफोशे पद्धतीचे, ७ मिलिमीटरचे, गंजाने पार खाल्लेले. ओव्हेर-सुर-वाझ या गावच्या शेतात ते सापडले होते. १८९० मध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉगने स्वतःवर गोळी झाडली ती बहुधा याच हत्याराने, असे मानले जाते. त्याला १,६२,५०० युरो आले. त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्ये ख्रिस्टीजच्या पॅरिसमधील लिलावात ७ मिलिमीटरचेच दुसरे लेफोशे ४,३४,५०० युरोंना गेले होते. पॉल व्हर्लेन या कवीने १८७३ मध्ये ब्रसेल्समध्ये आर्तूर रँबो या दुसऱ्या कवीवर ते झाडले होते. रँबोच्या मनगटाला जखम झाली आणि व्हर्लेनला दोन वर्षांचा तुरुंगवास.

दोन किमतींमधले सगळेच अंतर पुराव्याचे म्हणता येणार नाही. तरी एका हत्यारामागे न्यायालयात चाललेला खटला उभा आहे आणि दुसऱ्यामागे ‘बहुधा’ हा शब्द. जुन्या शस्त्रांच्या मूल्यांकनकाराचे अर्धे काम या शब्दाशी असते.

उरलेले अर्धे काम सामान्य रिव्हॉल्वरचे, ज्याने कोणा कवीला जखमी केलेले नाही. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेले, मालकाच्या निधनानंतर घरच्यांना सापडलेले. वाजवी बाजारभावाची जी व्याख्या अमेरिकेच्या करव्यवहारात वापरतात, ती तीन अटींवर उभी आहे. घेणारा आणि देणारा दोघे राजी असावेत, दोघांपैकी कोणावरही सक्ती नसावी आणि दोघांना वस्तूची पुरेशी माहिती असावी. पहिल्या दोन अटींची चर्चा पुष्कळ होते. तिसरी अट जुन्या शस्त्रांच्या व्यवहारात नेहमी मोडते. घेणारा तीस वर्षे याच वस्तूंत वावरलेला असतो आणि देणाऱ्याला नळीवरची अक्षरेही वाचता येत नाहीत. अशा वेळी ठरलेला भाव दोघांना मान्य असला तरी वाजवी नसतो. नसलेली माहिती टेबलावर आणून ठेवणे हे मूल्यांकनकाराचे काम, आणि ती त्याने आधी कमी जाणणाऱ्या बाजूपुढे ठेवली पाहिजे.

कोल्ट कंपनीच्या पायथन या रिव्हॉल्वरचे उदाहरण घेऊ. १९५५ मध्ये ते बाजारात आले तेव्हा किंमत होती १२५ डॉलर. .३५७ मॅग्नम, सहा गोळ्यांचे, नळीच्या माथ्यावर खाचा पाडलेली पट्टी आणि आरशासारखा खोल निळा मुलामा. आतले भाग कारागीर हाताने घासून एकमेकांत बसवत. हे काम महाग पडत गेले, २००५ च्या सुमारास उत्पादन पुरते थांबले आणि जुन्या नगांचे भाव चढले. मग २०२० मध्ये कोल्टने स्टेनलेस स्टीलचे नवे पायथन आणले, छापील किंमत १,४९९ डॉलर. नेमबाजाला त्यामुळे पर्याय मिळाला. संग्राहकाला मात्र हाताने जुळवलेले जुनेच हवे असते. एका नावाचे हे दोन बाजार आहेत आणि त्यांतला कोणता, हे ठरवल्याशिवाय अहवालात आकडा लिहिणे चूक आहे.

तपासणीची सुरुवात एकाच कृतीने व्हावी: सिलिंडर उघडून प्रत्येक घर स्वतःच्या डोळ्यांनी रिकामे पाहणे. मालकाच्या शब्दावर ही पायरी कधीच सोडू नये. मग घोडा अगदी सावकाश मागे ओढायचा. तो पूर्ण चढण्याआधी किंवा चढताक्षणी सिलिंडर फिरून त्याला अडवणारा खटका आपल्या खाचेत बसला पाहिजे. जुन्या पायथनमध्ये हा मेळ बिघडतो अशी जुनी तक्रार आहे, आणि तो नीट लावणारे हात आता थोडे उरलेत. सिलिंडर आणि नळी यांमधली फट फीलर गेजने मोजतात. इंचाच्या चार ते आठ सहस्रांशांपर्यंत ती असेल तर बहुधा काळजी नसते. दहाच्या पुढे गेली की दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा धरावा लागतो. सिलिंडर पुढेमागे किती हलते, नळीच्या मागच्या तोंडाशी झीज किंवा चीर आहे का, हेही पाहावे. हे सगळे पंधरा मिनिटांत होते.

वेळ लागतो तो पृष्ठभाग वाचायला. अमेरिकेत वर्षानुवर्षे वापरात असलेले ‘ब्लू बुक ऑफ गन व्हॅल्यूज’ मूळ मुलामा किती टक्के शिल्लक आहे यावरून दर्जा लावते, आणि छायाचित्रे देऊन तो समजावते. ‘मूळ’ हा शब्द इथे महत्त्वाचा. अनेक घरांत असे घडते की वडिलांची आठवण विकायची तर चांगली दिसावी म्हणून मुलगा ती घासूनपुसून, पुन्हा निळी करून आणतो. त्याने मायेनेच केलेले असते, आणि तिथेच संग्राहकाच्या लेखी किंमत अनेकदा निम्म्यावर येते. घासण्याने कडा गोल होतात, कारखान्याचा ठसा उथळ पडतो, स्क्रूभोवतीचे पोलाद बशीसारखे खोलगट होते. गेलेले पोलाद परत येत नाही. म्हणून मूल्यांकनकाराने फोनवरच, वस्तू पाहण्याआधी, पहिला सल्ला द्यावा: तिला काही करू नका.

पण मूळपणाचा नियमही डोळे मिटून लावायचा नसतो. कोल्टच्या १८७३ च्या सिंगल ॲक्शन आर्मीचे भाग एकाच क्रमांकाचे असावेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. मात्र अमेरिकी सैन्याने १८९० च्या दशकात यांतली हजारो रिव्हॉल्वर परत मागवली, साडेसात इंची नळ्या साडेपाच इंच केल्या आणि जोडताना क्रमांक जुळवण्याची फिकीर केली नाही. संग्राहक त्यांना ‘आर्टिलरी’ म्हणतात. त्या नगांत क्रमांक न जुळणे हीच अस्सलपणाची खूण असू शकते. रुगर कंपनीचे उदाहरण तर शिकण्यासारखे आहे. १९७३ पूर्वीच्या तिच्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वरांना नंतर सुरक्षिततेची नवी यंत्रणा मोफत बसवून दिली जाते आणि काढलेले जुने भाग मालकाला परत पाठवले जातात. ती छोटी पिशवी हरवलेली असेल तर संग्राहक कमी पैसे देतो. वापरणाऱ्याचा जीव वाचवणारा बदल आणि संग्राहकाची किंमत एकाच वस्तूत एकमेकांविरुद्ध उभी राहतात. अहवालात दोन्ही लिहावे, कोणत्याही परिस्थितीत यंत्रणा काढण्याचा सल्ला देऊ नये.

कागदाचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते ते पॅट गॅरेटच्या कोल्टमध्ये. १४ जुलै १८८१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट सम्नर इथे या शेरीफने बिली द किडला ज्याने मारले, ते हे रिव्हॉल्वर ऑगस्ट २०२१ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात साठ लाख डॉलरांवर गेले. मध्यंतरी ते एल पासोतल्या एका मद्यगृहाच्या मालकाकडे होते. त्याच्या मृत्यूनंतर गॅरेटच्या विधवेने, अपोलिनारिया गॅरेटने, १९३० च्या दशकात न्यायालयात जाऊन ते परत मिळवले. त्या वादाने निर्माण केलेली कागदपत्रे आज त्या वस्तूचा आधार आहेत. वृद्धापकाळी तिने आपल्या हक्कासाठी केलेला तो हट्ट अभ्यासणाऱ्यांनी विसरू नये.

भारतातला बाजार वेगळ्या मातीचा आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर परदेशी शस्त्रांची व्यापारी आयात बंद झाली आणि आधी आलेली वेब्ली अँड स्कॉट किंवा स्मिथ अँड वेसन ही रिव्हॉल्वर देशातल्या देशात फिरत राहिली. नवा माल येणार नाही म्हटल्यावर परदेशातल्या सामान्य नगालाही इथे मोठी रक्कम मिळू लागली. परदेशी किंमतपुस्तिका उघडून भारतातला भाव काढता येत नाही तो यासाठी. कानपूरचे सरकारी .३२ रिव्हॉल्वर वेब्लीच्याच रचनेवर बेतलेले. तिथूनच २०१४ मध्ये आलेल्या ‘निर्भीक’ या .३२ रिव्हॉल्वरची किंमत १,२२,३६० रुपये ठेवली गेली. अलीकडे उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात वेब्लीच्या नावानेही रिव्हॉल्वर बनू लागली आहेत, त्यामुळे जुन्या भावांचा पाया पुन्हा तपासावा लागेल.

सक्तीची अट इथे ऐरणीवर येते. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगण्याची मर्यादा घातली, आणि जादा शस्त्र वर्षभरात जमा करणे भाग पडले. अशा वेळी घाईने झालेली विक्री तुलनेसाठी घेणे अन्यायाचे ठरेल. परवानाधारकाने दुसऱ्या परवानाधारकाला शस्त्र द्यायचे तर शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार आधी सूचना देऊन किमान ४५ दिवस थांबावे लागते. मधला काळ घाबरून जाण्याचा नाही, नीट मूल्यांकन करून घेण्याचा आहे, हे घरच्यांना कोणीतरी सांगायला हवे.

मालक गेला की शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा होते. महाराष्ट्रात निवडणुकीच्या आचारसंहितेतही कितीतरी शस्त्रे अशी जमा होतात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याचे चार महिने चामड्याच्या म्यानात राहिलेले पोलाद तांबूस होऊन बाहेर येते, कारण चामडे ओल धरते. म्हणून जमा करण्याआधी परवानाधारकाकडून किंवा विक्रेत्याकडून ते म्यानातून काढून तेलाचा हलका हात फिरवून घ्यावा. दोन्ही बाजूंची, ठशांची आणि अनुक्रमांकाची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात काढावीत, आणि पावतीवर क्रमांकाबरोबर मुलाम्याची स्थितीही लिहून मागावी. मूल्यांकनकारांच्या या परिषदेने अशा पावतीचा एक साधा मराठी नमुना तयार करून जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचवावा, असा प्रस्ताव अध्यक्षपदावरून मांडला जात आहे.