पाखरांस उपदेश



ज्या पियानोरचनेविषयीं आम्ही दोन शब्द बोलणार आहों, ती हंगेरियन संगीतकार फ्रान्झ लिस्ट ह्यांची आहे. असीसीकर संत फ्रान्सिस पाखरांस उपदेश करीत आहेत, हा तिचा विषय. ती सुमारें १८६३ सालची. तत्पूर्वीं, १८५९ त लिस्ट ह्यांचा पुत्र डॅनिएल व १८६२ त कन्या ब्लांदीन निवर्तलीं होतीं. हें ठाऊक असल्यामुळें आम्ही विलाप ऐकण्याच्या तयारीनें बसलों होतों.

परंतु आरंभीं विलाप नाहींच! वरच्या सप्तकांत नुसता किलबिलाट. खालीं खर्जाचा आधारही नाहीं. मग पाखरें थबकतात आणि साथीवांचून एकच सुरावट, माणसानें बोलावें तशी, बोलूं लागते. हा संतांचा शब्द. पाखरें मध्येंच चिवचिवतात. संत रागावत नाहींत, थांबतात व पुन्हां सांगूं लागतात. (प्रवचनाच्या वेळीं कुजबुजणाऱ्या आम्हां मंडळींस इतकी सवलत क्वचितच मिळते.)

कित्येक वादक येथें बोटांची चपळाई दाखवितात, आणि त्या गडबडींत संतांचा शब्द बुडून जातो. आमच्या मतें रचनेचा प्राण त्या थांबण्यांतच आहे. बापाचा शोक आम्हांस तेथेंच ऐकूं येतो. किलबिलाटांत तो कोठेंच नाहीं. पुढें उपदेशाचा स्वर भरदार होतो, पाखरेंही त्यांत सामील होतात, आणि अखेरीस किलबिल विरळ होत होत हलकेंच थांबते.