उन्हाळी अभ्यासशिबिर निवडताना...

(माध्यमिक शाळेतील विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात एका निवृत्त गणितशिक्षकांनी केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



वार्षिक परीक्षेला अद्याप दीड महिना अवकाश आहे. पण घरोघरी चर्चा सुरू झाली आहे ती सुट्टीची. सकाळी वर्तमानपत्र उघडावे, तर आतून शिबिरांची चार रंगीत पत्रके खाली पडतात. यांपैकी कोणते निवडावे, असा प्रश्न गेल्या महिन्याभरात निदान दहा पालकांनी मला विचारला. त्याचे उत्तर एका नावात देता येत नाही. मात्र निवड कोणत्या कसोटीवर करावी, याविषयी अनेक वर्षांच्या अध्यापनातून जे उमगले, ते आपल्यासमोर ठेवतो.

प्रारंभ माझ्या चुकीपासून करतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझा पुतण्या नववीत जाणार होता. धाकट्या भावाने मोठ्या विश्वासाने विचारले, “दादा, याला सुट्टीत कुठे घालू?” मी एक निवासी अभ्यासवर्ग सुचवला. शुल्क भावाच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढे होते. तीन आठवड्यांनी मुलगा तीन जाडजूड बाडे आणि एक प्रमाणपत्र घेऊन परतला. मी विचारले, “तुला तिथे कोणता प्रश्न पडला?” बराच वेळ विचार करून तो म्हणाला, “काका, प्रश्न पडायला वेळच नव्हता. रोज एक प्रकरण संपवायचं होतं.” जूनमध्ये शाळेत तीच प्रकरणे सुरू झाली, तेव्हा ‘हे मला येतं’ असे समजून त्याने लक्ष दिले नाही. आणि येत तर काहीच नव्हते. दोष त्याचा नव्हता. माझ्या निवडीचा होता.

या संदर्भात डॉ. जयंत नारळीकरांच्या बालपणीची हकिकत आठवते. २० मे २०२५ रोजी ते आपल्यातून गेले. त्यांचे बालपण वाराणसीत, हिंदू विश्वविद्यालयाच्या परिसरात गेले. घरात फळा होता. शिक्षणासाठी घरी राहिलेले त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यावर एखादे आव्हानात्मक कोडे लिहून ठेवीत. जयंत ते सोडवीपर्यंत किंवा हार मानीपर्यंत कोडे फळ्यावरच राही. तिथे ना शुल्क होते, ना प्रमाणपत्र. एक प्रश्न होता आणि उत्तर सांगण्याची घाई नसलेला एक जाणता माणूस होता. शिबिराची कसोटी हीच मानावी, असे मला वाटते. मुलाला एका प्रश्नासोबत काही दिवस राहता येईल का? आणि उत्तर न देता त्याच्या शेजारी बसणारे तिथे कोणी असेल का?

या कसोटीवर आपल्यासमोरचे पर्याय पाहू. नारळीकर संस्थापक-संचालक असताना पुण्याच्या ‘आयुका’मध्ये शाळकरी मुलांसाठी उन्हाळी उपक्रम सुरू झाला. पुणे परिसरातील शाळांची मुले छोट्या गटांत, शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली आठवडाभर एखादा प्रकल्प करीत. ठरीव अभ्यासक्रम नसे. शास्त्रज्ञासही एखाद्या गोष्टीचे उत्तर ठाऊक नसते, हे मुलाला जवळून पाहायला मिळणे, हाच मोठा लाभ.

दुसरा पर्याय इस्रोच्या ‘युविका’चा. २०१९ साली सुरू झालेला हा सुमारे दोन आठवड्यांचा कार्यक्रम नववीच्या विद्यार्थ्यांसाठी असून तो मे महिन्यात इस्रोच्या केंद्रांत होतो. निवड झालेल्यांच्या प्रवासाचा व निवासाचा खर्च इस्रो करते. आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शने, खेळ, स्काऊट व एनसीसी अशा गोष्टी निवडीत पाहिल्या जातात. विशेष म्हणजे ग्रामीण भागातील शाळेत शिकणाऱ्यांना अधिक गुण दिले जातात. नोंदणी साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. खेड्यातील किती शाळांच्या सूचनाफलकावर ही माहिती लागते? शिक्षक बंधूंनी एवढे जरी मनावर घेतले, तरी एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीचे आयुष्य बदलू शकेल.

तिसरा मार्ग ऑलिंपियाडचा. मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे या कार्यक्रमाचे राष्ट्रीय केंद्र. अंतिम प्रशिक्षण-निवड शिबिरे उन्हाळ्यात होतात. पण त्यात पैसे भरून प्रवेश मिळत नाही. गणिताची पहिली चाचणी सहसा सप्टेंबरमध्ये, तर कनिष्ठ विज्ञानाची नोव्हेंबरमध्ये होते. म्हणजे उन्हाळ्याची ही निवड आदल्या पावसाळ्यातच करावी लागते. प्रा. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली पुण्यात स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी या वाटेवर अनेक मुलांना मार्गदर्शन केले आहे. निवड झाली नाही, तरी त्या प्रश्नांशी केलेली झुंज वाया जात नाही.

आता ‘पाया पक्का’ करणाऱ्या शिकवण्यांविषयी. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, दहावीच्या परीक्षेनंतरच द्यावा, यशाची दिशाभूल करणारी आश्वासने देऊ नयेत आणि मुलाने मध्येच वर्ग सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत करावे, असे त्यांत म्हटले आहे. आठवीच्या मुलासाठी पत्रक हाती पडले, तर हे अवश्य आठवावे.

काहींचे आप्त अमेरिकेत आहेत. तिकडच्या नामांकित विद्यापीठांच्या नावाची उन्हाळी शिबिरे ते सुचवतात. तिथेही हाच विवेक लागतो. ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ हा १९८४ पासूनचा कार्यक्रम निवडलेल्या विद्यार्थ्यांकडून शिक्षण-निवासाचे शुल्क घेत नाही. १९५९ साली सुरू झालेल्या ‘समर सायन्स प्रोग्राम’मध्ये मुले स्वतः लघुग्रहाची निरीक्षणे घेऊन त्याची कक्षा काढत आली आहेत. याउलट काही शिबिरे केवळ विद्यापीठाची जागा भाड्याने घेऊन भरतात. तिथे राहिल्याने त्या विद्यापीठाचे दार उघडत नाही. नाव इमारतीचे आहे की शिक्षकांचे, हे आधी पाहावे.

म्हणून शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी चार गोष्टी विचाराव्यात. शिकवणार कोण, आणि ते मुलांसोबत किती वेळ राहणार? दिवसातला किती वेळ मुलाने स्वतः विचार करण्यासाठी मोकळा आहे? निवड कशाच्या आधारे होते, केवळ धनादेशाच्या तर नव्हे? आणि गेल्या वर्षीच्या एखाद्या मुलाशी बोलता येईल का? या चौथ्या प्रश्नावर जे टाळाटाळ करतील, तिथून नमस्कार करून परत यावे. पाचवा प्रश्न मात्र घरीच विचारायचा आहे, आणि तो मुलाला: “तुला जायचे आहे का?”

ज्यांना यांपैकी काहीच शक्य नाही, त्यांनी मन खट्टू करू नये. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. प्रश्न विचारायला पोस्टकार्डाएवढे भांडवल पुरते.

माझ्या पुतण्याची गोष्ट अपुरी राहिली. पुढच्या उन्हाळ्यात मी त्याला घरी बोलावले आणि ओसरीवरच्या फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : कोणत्या मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेने मिळतात? पाच मिळते, तेरा मिळते. सात नाही, अकरा नाही. का? बारा दिवस त्याने वही भरली. तेराव्या दिवशी पहाटे मला उठवून म्हणाला, “काका, दोन सोडून बाकीच्यांना चारनं भागायचं. बाकी एक उरली तर जमतं, तीन उरली तर नाही!” सतराव्या शतकात फर्मा यांनी हाच नियम मांडला आणि अठराव्या शतकात ऑयलर यांनी तो सिद्ध केला, हे मी त्याला दोन दिवसांनी सांगितले. त्या दोन दिवसांत तो नियम त्याचा होता.

तो गणितज्ञ झाला नाही. एका बँकेत नोकरी करतो. ती वही मात्र त्याने जपून ठेवली आहे. शिबिराची तीन बाडे त्याच वर्षी रद्दीत गेली होती.