लसूण, कांदा, आले आणि हृदय

लसणाची अख्खी पाकळी जवळजवळ निर्गंध असते. ठेचली की घरभर वास सुटतो. पाकळीच्या पेशींत ॲलीन हे गंधकयुक्त द्रव्य आणि ॲलिनेज हे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी फुटली की ती एकत्र येतात आणि काही सेकंदांत ॲलिसिन बनते. अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी १९४४ मध्ये ते वेगळे केले. ॲलिसिन फार वेळ टिकत नाही. त्यापासून होणाऱ्या संयुगांतून तांबड्या रक्तपेशी हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, असे अलाबामा विद्यापीठातील २००७ च्या प्रयोगांत आढळले.

माणसांवरील अभ्यासांत पुण्याचे काम महत्त्वाचे आहे. डॉ. जी. एस. सैनानी आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये जैन समाजातील तीन गटांची तुलना प्रसिद्ध केली. जैनांत काही घरी कांदा-लसूण पूर्ण वर्ज्य, काही घरी बेताचा, तर काही घरी सर्रास चालतो. बाकीचा आहार मात्र बराचसा सारखा असतो. आठवड्याला ६०० ग्रॅम कांदा व ५० ग्रॅम लसूण खाणाऱ्यांचे सरासरी कोलेस्टेरॉल १५९ मिलिग्रॅम, बेताने खाणाऱ्यांचे १७२ आणि वर्ज्य करणाऱ्यांचे २०८ भरले. फरक मोठा होता. पण ही पाहणी होती, प्रयोग नव्हता. कांदा-लसूण खाणे न खाणे यासोबत राहणीतील आणखी काय बदलते, हे पाहणीतून वेगळे काढता येत नाही.

लसणाला प्रयोगाची कसोटी स्टॅनफर्ड विद्यापीठाने लावली. १९२ प्रौढांना सहा महिने, आठवड्यातून सहा दिवस, कच्चा लसूण, लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्या किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली. २००७ मध्ये निकाल आला: एलडीएल कोलेस्टेरॉल कोणत्याच गटात म्हणण्याजोगे उतरले नाही. रक्तदाबाबाबत चित्र बरे आहे. अनेक चाचण्या एकत्र पाहता, उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये लसणाच्या गोळ्यांनी वरचा दाब सरासरी सुमारे ८ अंकांनी उतरला. ज्यांचा दाब मुळात ठीक, त्यांच्यात फारसा फरक पडला नाही.

कांद्याची भिस्त क्वेर्सेटिन या फ्लॅव्होनॉइडवर. लाल कांद्यात ते अधिक आणि बाहेरच्या पाकळ्यांत सर्वांत जास्त असते. पांढऱ्यात अगदी कमी. नेदरलँड्समधील झुत्फेन गावी ६५ ते ८४ वयाच्या ८०५ पुरुषांच्या पाहणीत चहा, कांदा व सफरचंदातून फ्लॅव्होनॉइड जास्त मिळणाऱ्यांत हृदयरोगाने मृत्यू कमी आढळले. रक्तदाब उतरवणाऱ्या एका प्रयोगात मात्र रोज ७३० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन दिले होते. भाकरीसोबत फोडलेला एक कांदा त्याच्या आसपासही पोचत नाही.

आल्यात जिंजेरॉल असते. सुंठ होताना त्याचे काही अंशी शोगाओल होते. डॉ. अरुण बोर्डिया आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हृदयरुग्णांना रोज ४ ग्रॅम आल्याची पूड तीन महिने दिली, तेव्हा रक्तबिंबिकांच्या (प्लेटलेट्सच्या) गोळा होण्यावर परिणाम दिसला नाही. एकदम १० ग्रॅम दिल्यावर दिसला. चहातले आले चवीचे, ही मात्रा औषधाची.

हिंगोली जिल्ह्याचे नाव ज्या पिकाने झाले ती वसमतची हळद आल्याच्याच कुळातली. तिच्यातील कर्क्युमिनवर प्रयोगशाळेत उदंड काम झाले, पण आतड्यातून ते रक्तात फार थोडे जाते. म्हणून कालवणातल्या चिमूटभर हळदीकडून त्या प्रयोगांतल्या परिणामांची अपेक्षा ठेवता येत नाही.

चुलीपाशी या संशोधनाचा उपयोग असा: लसूण आधी ठेचून दहा मिनिटे ठेवावा, मग फोडणीत टाकावा. ठेच्यासाठी अख्ख्या पाकळ्या तव्यावर भाजल्या की विकर आधीच मरते आणि नंतर कितीही कुटले तरी ॲलिसिन जवळपास बनत नाही. कच्च्या लसणाच्या चटणीत ते बनते. पण तिच्यात मीठही भरपूर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ पुरे. चटणीने रक्तदाब उतरवायचा आणि मिठाने चढवायचा, यात हाती काही उरत नाही.

रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी लसूण-आल्याच्या गोळ्या किंवा अर्क डॉक्टरांना सांगितल्याविना घेऊ नयेत. शस्त्रक्रिया ठरली असेल तर हे आधी कळवावे. जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणाला हरकत नसते. रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची चालू गोळी मात्र यांच्या भरवशावर बंद करू नये.