हिशेबाची वही



घरफोड्या चोर कशाला भितो? उजेडाला भितो, कुत्र्याच्या भुंकण्याला भितो. आणि लोकांच्या पैशाचा चोर? तो हिशेबाच्या वहीला भितो. आज आम्ही तुम्हाला अशाच एका चोराची खरी हकीकत सांगणार आहोत.

अमेरिकेत न्यूयॉर्क नावाचे मोठे शहर आहे. दीडशे वर्षांपूर्वी तिथे विल्यम ट्वीड या पुढाऱ्याचा फार दरारा होता. शहराची तिजोरी त्याच्या टोळीच्या मुठीत होती. थंडीच्या दिवसांत गोरगरिबांना कोळसा मिळावा म्हणून तो पैसे देई. कुणाला नोकरी लावून देई. लोक म्हणत, "माणूस मोठा दिलदार!" पण हे पैसे येत कुठून, हे कोण विचारणार?

त्या वेळी शहरात न्यायकचेरीची इमारत बांधणे चालले होते. 1858 मध्ये तिच्यासाठी 2,50,000 डॉलर ठरले होते. खर्च गेला 1 कोटीच्या वर! युक्ती साधी होती. काम एक रुपयाचे, बिल पाच रुपयांचे. वरच्या पैशातला मोठा वाटा टोळीच्या खिशात.

'न्यूयॉर्क टाइम्स' या वर्तमानपत्राला संशय होताच. पण नुसत्या संशयाने काय होते? पुरावा पाहिजे. ट्वीडशी बिनसलेल्या एका माजी अधिकाऱ्याने हिशेबाच्या नकला आणून दिल्या. पत्राचे मालक जॉर्ज जोन्स यांना गप्प बसण्यासाठी 50 लाख डॉलर देऊ केले गेले. ते बधले नाहीत. जुलै 1871 मध्ये सगळे आकडे छापले गेले. कुणाला, किती, कशासाठी! गिलावा करणाऱ्या एकाच कंत्राटदाराच्या नावावर 28 लाख डॉलरांहून अधिक रक्कम निघाली. शहरात जर्मन बोलणारे पुष्कळ होते. त्यांच्यासाठी तो हिशेब जर्मन भाषेतही छापला.

थॉमस नास्ट नावाचे चित्रकार दुसऱ्या एका साप्ताहिकात ट्वीडची व्यंगचित्रे काढत. त्यांवर ट्वीड फार चिडे. असे सांगतात की तो म्हणाला, "पेपरात काय छापतात त्याची मला फिकीर नाही. माझ्या मतदारांना वाचता येत नाही. पण चित्रे त्यांना दिसतात ना!"

बघा, त्याचा भरवसा कशावर होता ते!

पुढे काय झाले? नोव्हेंबर 1871 च्या निवडणुकीत टोळीतले बहुतेक उमेदवार पडले. ट्वीड मात्र त्याच्या भागातून पुन्हा निवडून आला. 1873 मध्ये त्याला शिक्षा झाली. 1875 मध्ये तो पळाला. 1876 मध्ये स्पेनमध्ये सापडला. तिथे तो ओळखू आला नास्ट यांच्या चित्रावरून! 1878 मध्ये तो तुरुंगातच मेला. पण लुटलेला बहुतेक पैसा परत आला नाही. लोकांनी हिशेब वाचला, पण फार उशिरा.

तुमच्यापैकी काहीजण आम्हाला विचारतात, "या वयात वाचून काय करायचं?" आम्ही म्हणतो, आपल्या गावच्या रस्त्याचा, विहिरीचा, शाळेचा खर्च वाचायचा. 2005 पासून माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. सरकारी खर्चाचे कागद मागण्याचा हक्क तुम्हालाही आहे. अर्ज लिहिता येत नसेल, तर तो लिहून घ्यायला मदत करणे हे तिथल्या माहिती अधिकाऱ्याचे काम आहे.

पण हातात आलेला कागद वाचायचा कुणी? उद्या आपण बेरीज शिकणार आहोत. पाटी घेऊन वेळेवर या.