फोन घेताना माणूस बघा



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सिरसाळ्यात आलो की लोक विचारतात, "रॅम किती पाहिजे? कॅमेरा किती मेगापिक्सेलचा?" मीही आकडे बघूनच अम्मीला फोन घेऊन दिला होता. 8 जीबी रॅम, दणकट बॅटरी. चार दिवसांत अम्मी म्हणाली, "बेटा, माझा जुनाच दे." अंगणातल्या उन्हात स्क्रीन दिसेना, अन् मध्येच येणाऱ्या जाहिरातींवर बोट पडायचं. चूक अम्मीची नव्हती, माझ्या निवडीची होती.

आकडे खोटे नसतात, अपुरे असतात. गूगलने 2017 च्या पिक्सेल 2 पासून 2020 च्या पिक्सेल 5 पर्यंत मुख्य कॅमेरा 12.2 मेगापिक्सेलचाच ठेवला, तरी सॉफ्टवेअरमुळे फोटो सुधारत गेले. 2021 च्या जिओफोन नेक्स्टला रॅम 2 जीबीच होती, पण स्क्रीनवरचा मजकूर भारतीय भाषांत वाचून दाखवायची सोय होती. ज्याला वाचता येत नाही, त्याला ही सोय मोलाची.

आपल्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांचा लेकरांशी दुवा फोनच असतो. पैसे घामाचे असतात. म्हणून ज्याच्यासाठी फोन घ्यायचा, त्यालाच दुकानात न्या. फोन बाहेर उन्हात धरायला लावा. अक्षर मोठं करून बघा, एक कॉल लावायला सांगा. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, हेही विचारा. रॅम-स्टोरेज गरजेपुरतं हवंच. पण शेवटचा निर्णय वापरणाऱ्याच्या हाताला करू द्या.