धावपट्टीची सुरक्षितता आणि हवाई वाहतूक नियंत्रण



भिलाईच्या हुडको वसाहतीतून मुंबईस जाऊ इच्छिणाऱ्यास दोन मार्ग उपलब्ध आहेत. एक हावडा-मुंबई लोहमार्ग आणि दुसरा रायपूरच्या स्वामी विवेकानंद विमानतळावरून जाणारा हवाई मार्ग. दोहोंच्या सुरक्षिततेचे तत्त्व एकच आहे: एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, धावपट्टीवर एका वेळी एकच विमान. अंमलबजावणी मात्र भिन्न आहे. रेल्वेत रूळ, सांधे आणि सिग्नल परस्परांशी इंटरलॉकिंगने जोडलेले असतात. मार्ग मोकळा नसेल तर हिरवा दिवा लागत नाही. (जून 2023 मध्ये ओडिशातील बहानगा बाजार येथे सिग्नल यंत्रणेतील सदोष कामामुळे हे कुलूपही निकामी ठरले, हे विसरता येत नाही.) धावपट्टीला असे कुलूप बहुतांशी नसते. तेथे नियंत्रकाचा शब्द हाच सिग्नल आणि वैमानिकाने तो शब्द परत उच्चारून दाखविणे हीच त्याची पडताळणी.

शब्दावर उभ्या असलेल्या या व्यवस्थेचे सर्वांत भीषण उदाहरण टेनेरिफचे. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या या बेटावर दाट धुक्यात केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन बोइंग 747 विमाने एकाच धावपट्टीवर धडकली आणि 583 जण मृत्युमुखी पडले. आपण टेक-ऑफच्या स्थितीत आहोत, असे केएलएमच्या वैमानिकाने कळविले. नियंत्रकाने 'ओके' म्हटले आणि पुढे थांबण्यास सांगितले. पण त्याच क्षणी पॅन ॲमचे विमानही बोलू लागल्याने रेडिओवर कर्कश आवाज उमटला आणि नेमके 'थांबा' तेवढे ऐकू गेले नाही. त्यानंतर जगभर नियम रूढ झाला की 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना वा ती मागे घेतानाच वापरावा. एरवी 'डिपार्चर' म्हणावे.

हा धडा सत्तेचाळीस वर्षांनीही पुरला नाही. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाच्या विमानास धावपट्टीबाहेर थांबण्याच्या ठिकाणी जाण्यास सांगताना 'क्रमांक एक' असेही सांगण्यात आले. रांगेत पहिला, एवढाच त्याचा अर्थ होता. वैमानिकाने तो धावपट्टीवर जाण्याची अनुमती असा घेतला. जपान एअरलाइन्सचे उतरते विमान त्यावर आदळले. प्रवासी विमानातील सर्व 379 जण बचावले, तटरक्षक दलाचे पाच कर्मचारी गेले. धावपट्टी अडलेली असल्याचा इशारा नियंत्रकासमोरील पडद्यावर उमटत होता. त्याकडे वेळीच लक्ष गेले नाही.

आता मुंबईकडे वळू. येथील छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर 09/27 आणि 14/32 अशा दोन धावपट्ट्या आहेत. (हे अंक होकायंत्रावरील दिशेचे अंश दहाने भागून येतात; 27 म्हणजे 270 अंश, अर्थात पश्चिम.) या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. परिणामी दोन्ही स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि व्यवहारात हा एकाच धावपट्टीचा विमानतळ ठरतो. तरीही डिसेंबर 2018 मध्ये येथे एका दिवसात 1,007 उड्डाणे व अवतरणे झाली. हा विक्रम अभिमानाने सांगितला गेला. त्याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. गर्दीच्या तासात दोन विमानांमध्ये मिनिटभराहून थोडाच अधिक अवकाश उरतो आणि तो सेकंदांत मोजणारी व्यक्ती मनोऱ्यात बसलेली असते.

8 जून 2024 रोजी हे चित्र देशाने पाहिले. 27 क्रमांकाच्या धावपट्टीवरून एअर इंडियाचे तिरुवनंतपुरमला निघालेले विमान जमीन सोडत असतानाच इंदूरहून आलेले इंडिगोचे विमान त्याच धावपट्टीवर टेकले. कोणासही इजा झाली नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी सुरू केली आणि संबंधित नियंत्रकास कामावरून बाजूस केले. दृश्यमानता चांगली असता दोन विमानांतील अंतर कमी करण्याची तरतूद नियमांत आहे, असे नियंत्रकांच्या संघटनेचे म्हणणे होते. म्हणजे वाद केवळ एका व्यक्तीच्या चुकीचा नव्हता. किती जवळीक सुरक्षित मानायची, हाच त्याचा गाभा होता. याच विमानतळावर फेब्रुवारी 2009 मध्ये राष्ट्रपतींच्या ताफ्यातील हेलिकॉप्टर धावपट्टीवर दिसल्याने इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकाने वेगात धावणारे विमान थांबविले होते. लष्करी विमानतळांचा प्रश्न आणखी निराळा. पुण्याच्या लोहगाव येथे फेब्रुवारी 2020 मध्ये धावपट्टीवर जीप दिसताच एअर इंडियाच्या वैमानिकास विमान नियोजित जागेआधीच उचलावे लागले; मागील भागाची हानी होऊनही ते दिल्लीस सुखरूप उतरले.

छेदणाऱ्या धावपट्ट्यांऐवजी समांतर धावपट्ट्या बांधल्या की प्रश्न सुटतो, असा समज बेंगळुरूने खोटा ठरविला. 7 जानेवारी 2022 रोजी तेथील दोन समांतर धावपट्ट्यांवरून इंडिगोची दोन विमाने जवळजवळ एकाच वेळी उडाली आणि हवेत एकमेकांकडे येऊ लागली. दोन्ही मिळून 426 जण होते. दक्षिणेकडील धावपट्टी बंद करून एकाच धावपट्टीवरून वाहतूक चालविण्याचा निर्णय झाला होता. तो तेथील नियंत्रकापर्यंत पोहोचलाच नाही. रडारवरील नियंत्रकाने दोघांना वेगळ्या दिशा दिल्याने टक्कर टळली. अधिक चिंताजनक बाब अशी की, घटनेची नोंद कोणत्याही नोंदवहीत झाली नसल्याचे नंतर समोर आले. चूक सांगितल्यास केवळ शिक्षाच पदरी पडणार असेल तर नोंदवह्या कोऱ्याच राहणार. गुन्ह्यासमान बेपर्वाई आणि प्रामाणिक चूक यांत भेद करणारी चौकशी म्हणूनच आवश्यक ठरते.

परीक्षार्थींनी संस्थांची विभागणीही ध्यानात ठेवावी. 1 एप्रिल 1995 रोजी स्थापन झालेले भारतीय विमानतळ प्राधिकरण, मुंबईसारख्या खासगी व्यवस्थापनाच्या विमानतळांवरही हवाई वाहतुकीचे नियंत्रण करते. नियमन महासंचालनालयाकडे आहे. अपघात व गंभीर घटनांचा तपास 2012 मध्ये स्थापन झालेला विमान अपघात तपास ब्युरो करतो. 1934 च्या विमान कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, 2024 ने 1 जानेवारी 2025 पासून घेतली.

तंत्रज्ञान शब्दाला आधार देऊ शकते. जमिनीवरील हालचाल दाखविणारे रडार, धावपट्टीच्या तोंडाशी लाल दिव्यांची आडवी रांग, विमानास लवकर बाहेर पडू देणारे तिरकस टॅक्सीमार्ग ही त्यांपैकी काही साधने. परंतु 8 ऑक्टोबर 2001 रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर 118 बळी गेले, तेव्हा तेथील जमिनीवरील रडार सेवेत नव्हते.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले. त्यामुळे सांताक्रूझच्या धावपट्ट्यांवरील भार हलका होण्याची अपेक्षा आहे. मात्र दोन्ही विमानतळांची विमाने एकाच महानगराच्या आकाशातून येणार-जाणार आहेत आणि दोन मनोऱ्यांमध्ये आता पूर्वीपेक्षा अधिक बोलावे लागणार आहे.