ज्याचे काम, त्याला विचारा



विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, उद्या तुम्ही कंपनीत, बँकेत, इस्पितळात किंवा सहकारी संस्थेत काम कराल. अशा संस्था निकोप कशा राहतात, याचा अभ्यास म्हणजे संस्था-विकास. हेच माझे क्षेत्र, आणि त्याबद्दलच आज बोलणार आहे.

१९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत, कनेटिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन इथे एक कार्यशाळा भरली. वांशिक तेढ कशी कमी करावी, हे शिकायला शिक्षक आणि समाजसेवक आले होते. सूत्रधार होते कर्ट लेविन, नाझी राजवटीमुळे १९३३ साली जर्मनी सोडलेले मानसशास्त्रज्ञ. दिवसभराच्या गटचर्चांची टिपणे संशोधक संध्याकाळी आपापसांत ताडून पाहत. एकदा काही शिबिरार्थींनी विचारले, "आम्हीही बसलो तर चालेल?" लेविन यांनी होकार दिला. स्वतःच्या वागण्याचे वर्णन ऐकून एका बाईंनी ते खोडून काढले आणि चर्चेला नवेच तोंड फुटले. ज्यांच्याविषयी बोलणे चालले होते, ते स्वतः बोलू लागले. लेविन १९४७ च्या फेब्रुवारीत गेले. त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम पुढे नेले आणि त्यातून हे क्षेत्र वाढले.

आपल्याकडची कथा अहमदाबादची, तेव्हाच्या मुंबई राज्यातली. कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले, पण अपेक्षित उत्पादन निघेना. १९५३ साली मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. एका खात्यात २२४ माग, २९ कामगार आणि कामाचे १२ वेगळे प्रकार. प्रत्येकजण आपल्या तुकड्यापुरता जबाबदार. अख्खा माग कुणाचाच नाही. ठरावीक मागांची जबाबदारी एकेका गटाकडे द्यावी, ही कल्पना राइस यांनी मांडली. गट मात्र कामगारांनी स्वतःच पाडले. उत्पादन वाढले, खराब कापड घटले. यंत्रे तीच होती आणि माणसेही तीच.

पुढे १९७५ साली लार्सन अँड टुब्रो या कंपनीत व्यवस्थापनाचे अभ्यासक उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी मनुष्यबळ विकासाची स्वतंत्र व्यवस्था सुचवली. माणूस नुसता कामाला लावायचा नसतो, त्याला वाढवायचेही असते, हा विचार त्यामागे होता.

आता कामाचे वाटप संगणकप्रणाली करू लागली आहे. घरोघरी वस्तू पोहोचवणाऱ्या तरुणाला पुढचे काम मोबाइल सांगतो. त्याचे म्हणणे मात्र कुणी ऐकायचे, हे ठरलेले नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता येईल तसतसा हा प्रश्न कचेऱ्यांतही शिरेल. निर्णयाच्या बैठकीत काम करणाऱ्याला जागा मिळवून देणे, हेच या क्षेत्राचे उद्याचे काम आहे, असे मी ठामपणे मानतो. बदलाचा आराखडा वर ठरवून खाली फक्त कळवला, तर लोक मान डोलावतात आणि जुन्याच पद्धतीने काम करत राहतात.

याची सुरुवात तुम्ही याच आठवड्यात करू शकता. महाविद्यालयाचे हे स्नेहसंमेलन तुम्ही उभे केलेत. त्याची आढावा बैठक जरूर घ्या, आणि खुर्च्या लावणाऱ्या, पडदा ओढणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना सर्वांत आधी बोलू द्या. ते सांगतील ते लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षीच्या समितीच्या हाती द्या. ही सवय घेऊन तुम्ही जिथे जाल, तिथल्या माणसांना तुमच्यासोबत काम करावेसे वाटेल.